दा नांग, होई आन आणि गिफूचं पार्सल

रविवार, ९ मार्च २०२५

आमच्या विद्यापीठाचा हा कार्यक्रम दरवर्षी वसंताच्या सुट्टीत होतो. इथले विद्यार्थी आठवडाभर व्हिएतनाममधल्या दा नांगला जातात, शरद ऋतूत तिकडचे विद्यार्थी जपानला येतात. कागदावर ही देवाणघेवाण बरोबरीची. प्रत्यक्षात इकडून दहा-बारा जण जातात आणि तिकडून तीन-चार येतात. जपानी मुलांना व्हिएतनामचा व्हिसाच लागत नाही, पंचेचाळीस दिवस खुशाल राहा. व्हिएतनामी मुलांना मात्र बँकेच्या कागदांपासून हमीपत्रापर्यंत सगळं जमवावं लागतं. मी यातली ना इकडची ना तिकडची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, आता तोक्योजवळ एमए करतेय, आणि पंचवीस डॉलर भरून ई-व्हिसा काढून गटात घुसले. निवड करणाऱ्या सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, ‘आपल्या मुलांचं इंग्रजी लाजरं आहे, तू दुभाषी म्हणून उपयोगी पडशील.’

नारिताहून दा नांगला थेट विमान आहे. उतरल्यावर घड्याळ दोन तास मागे घ्यायचं. मार्चमध्ये तोक्योत अजून कोट लागतो, इथे दमट उकाडा. शहरभर लाल कापडी फलक लावलेले. २९ मार्च १९७५ला दा नांग उत्तरेच्या सैन्याच्या हाती आलं, त्याला यंदा पन्नास वर्षं होतात, त्याची ही तयारी. हॉटेलवर सामान टाकून रात्री नऊला ड्रॅगन ब्रिजवर गेलो. हा पूल २०१३चा, त्याच्या अंगावरून पिवळाधमक ड्रॅगन गेलाय आणि शनिवार-रविवारी रात्री तो तोंडातून आग ओकतो, मग पाणी. आगीचे लोळ छान. पाणी मात्र वाऱ्याबरोबर थेट आमच्यावर. पुढे उभं राहायचं नसतं हे तिथल्या शेंगदाणे विकणाऱ्या बाईंना माहीत होतं. त्या आधीच मागे सरकल्या होत्या.

सोमवार, १० मार्च

विद्यापीठात उद्घाटन, भाषणं, भेटवस्तू, फोटो. ते सगळीकडे सारखंच असतं, त्याबद्दल लिहीत नाही.

प्रत्येकाला एकेक जोडीदार मिळाला, इकडे त्याला सरळ ‘बडी’ म्हणतात. माझी बडी क्वांग नाममधल्या खेड्यातली, जपानी विभागात तिसऱ्या वर्षाला. पहिला प्रश्न तिने वयाचा विचारला. इथे कुणाशीही बोलायचं तर आपण त्याच्यापेक्षा थोरले की धाकटे हे आधी ठरावं लागतं, त्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. मी तीन वर्षांनी मोठी निघाले, म्हणजे ताई. विषय मिटला. जपानी मुली मात्र वय विचारल्यावर गांगरल्या.

माझ्या दुभाषेपणाची गरज पहिल्या तासाभरातच संपली, कारण या मुलांचं जपानी माझ्यापेक्षा नीटस आहे. ऑफिसात वापरायची अदबीची रूपं ती न अडखळता बोलतात. दा नांगमध्ये जपानी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी बरीच ऑफिसं आहेत आणि मुलं त्याच तयारीने शिकतात. आमच्याकडच्या एकालाही व्हिएतनामी भाषेत ‘धन्यवाद’च्या पुढे काही येत नव्हतं.

दुपारी तिथल्या इतिहासाच्या बाईंचं व्याख्यान झालं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तोकुगावा शोगुनांचा, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांचा, लाल शिक्क्याचा परवाना घेऊन जपानी जहाजं होई आनला यायची. चांदी आणि तांबं आणायची, रेशीम आणि साखर न्यायची. नागासाकीचा व्यापारी आराकी सोतारो याने इथल्या न्गुयेन सरदार घराण्यातली मुलगी केली, ती नागासाकीला सासरी गेली, आणि तिच्या वरातीची नक्कल तिथल्या कुंची उत्सवात अजूनही होते. मग १६३५मध्ये शोगुनांनी जपान्यांना परदेशी जायला-यायला बंदी केली आणि सगळं आटलं.

हे सगळं सांगून बाईंनी पुढची चित्रफीत लावली, ‘काल ९ मार्च होता,’ असं म्हणाल्या. ९ मार्च १९४५च्या रात्री जपानी सैन्याने इथल्या फ्रेंच सत्तेला बाजूला सारून देश ताब्यात घेतला. कालच त्याला ऐंशी वर्षं झाली. त्याच सुमाराला उत्तरेत दुष्काळ पडला होता. पूर आणि वादळं होतीच, पण त्यात भाताची सक्तीची वसुली, भाताच्या जागी तागाची लागवड, बाँबहल्ल्यांनी तुटलेले रेल्वेमार्ग, आणि दक्षिणेतला तांदूळ दक्षिणेतच अडकलेला. किती माणसं मेली याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. हो ची मिन्ह यांनी सप्टेंबर १९४५च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात वीस लाखांहून जास्त असं म्हटलंय. माझ्या डोक्यात बंगालचा १९४३चा दुष्काळ येत होता. युद्ध तेच, भात तोच, सरकार तेवढं दुसरं.

वर्गात तणाव होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जपानी मुलं खाली मान घालून भराभर टिपणं घेत होती, व्हिएतनामी मुलांपैकी निम्मी फोनवर होती. बाहेर आल्यावर बडीला विचारलं तर म्हणाली, ‘ते उत्तरेत झालं. आमच्याकडे आजोबांच्या गोष्टी सगळ्या अमेरिकनांच्या.’ आणि मग कुठली आइस्ड कॉफी चांगली यावर बोलायला लागली. घट्ट गोड दुधावर काळी कॉफी गाळणीतून थेंबथेंब पडते, ती ढवळून बर्फावर ओतायची. दोन ग्लासांनंतर रात्री झोप आली नाही.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी आमच्या मुलींनी युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसवून दाखवले, त्यांच्या मुलींनी आम्हाला आओ जाय हा त्यांचा पारंपरिक पोशाख दिला. माझ्या मापाचा निघेना. आओ जाय खांद्यापासून कमरेपर्यंत इतका बेतून शिवलेला असतो की वरणभातावर वाढलेल्या देहाची पंचाईत होते.

जेवण झाल्यावर वर्गाचे दिवे घालवले. दुपारची झोप इथे सगळेच घेतात, विद्यार्थी, कारकून, दुकानदार. पुण्याहून आलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. कुणी बाकावर हात ठेवून त्यावर डोकं टेकलं, कुणी मागे चटई अंथरली. प्राध्यापकांच्या खोलीत तर घडीचा पलंग होता. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आमच्यातला एक मुलगा सेंदाईचा आहे. तो झोपला नव्हता, फोनमधलं घड्याळ बघत होता. पावणेएक वाजत आले तसा उठला, फोनवर होकायंत्र उघडून दिशा बघितली आणि खिडकीपाशी ईशान्येकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ११ मार्च २०११, दुपारचे दोन शेहेचाळीस, ईशान्य जपानमधला तो भूकंप आणि त्सुनामी. म्हणजे इथले बारा शेहेचाळीस. एकेक करून बाकीचे जपानी उठले, मीही उठले. खुर्च्या न वाजवता. समोरच्या बाकावरचा एक व्हिएतनामी मुलगा खडबडून जागा झाला, आम्हाला असं उभं पाहिलं आणि काही न विचारता तोही उभा राहिला, गालावर बाहीची घडी उमटलेली. मिनिटभराने सगळे बसले.

त्याने कारण नंतर विचारलं. सेंदाईच्या मुलाने सांगितलं, तेव्हा तो पहिलीत जायचा होता. पंधरा हजार नऊशे माणसं मेली, अडीच हजारांवर अजून सापडलेली नाहीत. घरचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

बुधवार, १२ मार्च

दा नांगहून होई आन तीसेक किलोमीटर. थू बोन नदीकाठचं हे बंदर युरोपियनांच्या नकाशांवर ‘फाइफो’ म्हणून असायचं. नदीत गाळ साचत गेला, मोठी जहाजं दा नांगला जायला लागली आणि होई आन मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच जुनं राहिलं. १९९९पासून ते जागतिक वारसा आहे. जुनी लाकडी घरं सांभाळायला तोक्योच्या शोवा महिला विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी बरंच काम केलंय, आणि काझिमेझ क्व्यात्कोव्स्की या पोलिश वास्तुविशारदाचा तर इथे पुतळाच आहे. भिंती सगळ्या हळदीच्या रंगाच्या. दर पावसाळ्यात नदी घरात येते. जुन्या घरांत कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा भिंतीवर करून ठेवल्यात आणि सामान वर ओढून घ्यायला माळ्याला झडप असते.

ज्यासाठी सगळे येतात तो जपानी पूल पाहून प्रथम माझी निराशा झाली. केवढासा! अठराएक मीटर लांब. वीस हजार डोंगच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, तिथेच तो जास्त भारदस्त दिसतो. पूल पहिल्यांदा बांधला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीला, १५९३ हे साल सांगतात. वर कौलारू छप्पर, एका टोकाला दोन माकडं, दुसऱ्याला दोन कुत्रे. माकडाच्या वर्षी काम सुरू होऊन कुत्र्याच्या वर्षी संपलं म्हणून, असं म्हणतात. दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२४मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा ‘फारच नवा कोरा दिसतो’ म्हणून लोकांनी नावं ठेवली होती. मला तेवढा नवा वाटला नाही. एक पावसाळा पडून गेला होता मधे.

पुलाच्या पोटात बाजूला छोटं देऊळ आहे. सगळे त्याला पॅगोडा म्हणतात, पण आत बुद्ध नाही, वादळ-पुरांवर हुकूम चालवणारा उत्तरेचा देव आहे. तिथे गाइडने दंतकथा सांगितली. जमिनीखाली एक प्रचंड प्राणी पसरलाय. त्याचं डोकं भारतात, पाठ व्हिएतनाममध्ये आणि शेपूट जपानमध्ये. तो हलला की जपानमध्ये भूकंप आणि इथे पूर. म्हणून त्याच्या पाठीवर नेमका हा पूल बांधून त्याला खिळवून टाकलाय.

‘डोकं भारतात’ म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्याकडे पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे, तो मान हलवतो तेव्हा धरणी हलते, त्यामुळे डोकं आमचंच असणार. सेंदाईचा मुलगा हसला. जपानात तो प्राणी मांगूर मासा आहे, म्हणाला, नामाझू. इबाराकीतल्या काशिमा देवळात जमिनीतून टोक वर आलेला एक दगड आहे, देवाने त्या दगडाने माशाला दाबून धरलंय असं मानतात. ‘दोन्हीकडून दाबलाय, तरी सुटतोच,’ एवढं बोलून तो कुत्र्यांचे फोटो काढायला गेला. कालच्या दुपारनंतर तो मोकळेपणाने बोलला तो इथेच.

जेवायला काओ लाउ. जाड, चिवट, किंचित तपकिरी शेवया, वर पोर्कचे काप, कुरकुरीत चौकोनी तुकडे आणि भरपूर पाला. अस्सल काओ लाउला बा ले नावाच्या जुन्या विहिरीचं पाणी आणि चाम बेटांवरच्या झाडांच्या राखेचं पाणी लागतं म्हणे. जपानी मुलांचं म्हणणं, हे तर आमचे उदोन. बडीच्या मते हे होई आनचंच. मी पोर्क खात नाही, तेव्हा टोफू घातलेलं मागवलं आणि वादात पडले नाही.

गुरुवार, १३ मार्च

आजचा दिवस सगळ्यात मोठा.

सकाळी सायकली घेऊन गावाबाहेर भातखाचरांतून निघालो. मार्चमधला भात हिरवागार, मधूनमधून बगळे. बांधाच्या वाटेने आत गेलं की शेताच्या मधोमध एक थडगं लागतं, तानी याजिरोबेई या जपानी व्यापाऱ्याचं, १६४७चं. परदेशबंदीचं फर्मान निघाल्यावर तो मायदेशी निघाला, पण होई आनमधल्या आपल्या बाईसाठी परत फिरला आणि इथेच मेला, अशी गोष्ट सांगतात. थडग्याचं तोंड ईशान्येला, जपानच्या दिशेने केलंय. सेंदाईच्या मुलाने खिशातून फोन काढून होकायंत्र लावून पाहिलं. बरोबर होतं. उदबत्त्या आम्हीच आणल्या होत्या, पण तिथे आधीच कुणीतरी ताज्या लावून गेलं होतं. शेतवाल्याच्या घरचे लावतात, बडी म्हणाली, वाटेत थडगं आहे म्हटल्यावर लावायला नको का.

तिथून बडीच्या घरी जेवायला. सगळा गट नव्हे, आम्ही चौघं. पुढे कौलांचं, मागे नव्याने स्लॅब घातलेलं घर. स्लॅब दादाच्या पैशांतून, तिने येतायेताच सांगितलं. तिचा थोरला भाऊ ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ म्हणून गिफू प्रांतात आहे आणि परांच्या बांधायचं काम करतो. ही योजना जपानने १९९३मध्ये काढली ती कौशल्य शिकवायला म्हणून. प्रत्यक्षात जिथे जपानी माणूस मिळत नाही तिथे हात पुरवायला ती वापरली गेली, आणि मालक बदलायची साधारणपणे मुभा नाही. आता २०२४च्या कायद्याने ती मोडीत काढून २०२७पासून नवी पद्धत यायची आहे. जपानमध्ये आज सहा लाखांवर व्हिएतनामी आहेत. आमच्या स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, रात्रपाळीला तीच मुलं असतात. रोज त्यांच्याकडून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेते. कुणाचं गाव कुठलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

घरात शिरल्यावर समोरच पूर्वजांचा देव्हारा. आज चांद्र महिन्याची चतुर्दशी, म्हणून ताजी फुलं आणि केळ्यांचा घड. आजी चतुर्दशी-पौर्णिमा आणि अमावास्या-प्रतिपदा असे महिन्यातले चार दिवस शाकाहारी जेवते. माझं कळल्यावर तिने मला आपल्या शेजारीच बसवून घेतलं. बाकीच्यांना ‘मी क्वांग’ नावाचा इथला शेवयांचा पदार्थ. हळद घातलेल्या पिवळ्या रुंद शेवया, कोळंबी, शेंगदाण्याचा कूट, केळफुलाचे उभे चिरलेले तंतू, रस्सा अगदी तळाला टेकेल एवढाच. वर तांदळाचा मोठा पापड चुरून घालायचा. आई स्वतः जेवत नव्हती, प्रत्येकाच्या वाडग्यात चॉपस्टिकने मोठी मोठी कोळंबी टाकत होती. तोक्योची मुलगी दर वेळी वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरून मान लववायची, त्यामुळे आईला वाटायचं, तिला अजून हवंय. तिच्या वाट्याला सगळ्यात जास्त कोळंबी आली.

बरोबर एक वाजता दादाचा व्हिडिओ कॉल. जपानमधले तीन, बांधकामावरची चहाची सुट्टी. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कॅन कॉफी, मागे निळी ताडपत्री. आमच्याशी जपानीत बोलला. त्याच्या बहिणीचं जपानी मुलाखतीच्या खोलीतलं आणि याचं परांचीवरचं, मुकादमाच्या तोंडचं, गिफूकडच्या हेलाचं. ते ऐकून सेंदाईच्या मुलाला हसू आवरेना. दादाही हसला, आणखी दोन ठेवणीतल्या शिव्या ऐकवल्या. तोक्योच्या मुलीने विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता? ‘झोपतो. कपडे धुतो. मग परत झोपतो.’ मग त्याने विचारलं, आईने पापड घरी भाजला की विकतचा? घरी, असं आम्ही सांगितल्यावर तो काही क्षण नुसता आमच्या वाडग्यांकडे बघत राहिला. मागून कुणीतरी हाक मारली, कॉल बंद झाला.

आई बडीला काहीतरी म्हणाली. बडीने ते जपानीत आणलं नाही. आईने पुन्हा विचारलं, तेव्हा बडीने सांगितलं, ‘आई विचारतेय, तुमची गावं त्याच्यापासून किती लांब?’ सेंदाईच्या मुलाने फोनवर पाहून सांगितलं, आपण सुट्टीत असतो तिथून, म्हणजे सेंदाईहून, फारच लांब. तोक्योहून साध्या गाड्यांनी सहा-सात तास. परतताना सायकलवरून मी बडीला छेडलं, आईने नक्की काय विचारलं होतं? ती जरा वेळ पायडल मारत राहिली. ‘त्यालाही तिकडे कुणी असं घरी जेवायला बोलावतं का, असं विचारलं तिने.’

‘बोलावतं?’

‘तीन वर्षं होतील जूनमध्ये. एजंटाचं कर्ज फिटायलाच दीड वर्ष गेलं. ताई, कोण बोलावणार?’

दुपारी कंदील करायची कार्यशाळा होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा छत्रीसारखा मिटतो आणि उघडतो, त्यावर रेशमी कापड ताणून चिकटवायचं. लहानपणी बाबांबरोबर आकाशकंदील केलेले असल्याने माझा पहिल्यांदा झाला. शिकवणाऱ्या काकूंनी तो सगळ्यांना दाखवला. मी लाजल्याचं नाटक केलं.

चतुर्दशीच्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे घालवतात आणि नुसते कंदील लावतात. पुण्यात आज होळी. नदीकाठी बसले असताना आईचा फोन, मागे पुरणपोळ्यांची गडबड. गर्दी मात्र इतकी होती की नदीत सोडलेले कागदी दिवे बघायला बोटींच्या फटीतून डोकावावं लागत होतं. ज्यांना शांत होई आन हवं त्यांनी पहाटे पाचला यावं, चतुर्दशीला येऊ नये.

शुक्रवार, १४ मार्च

माय सन. डोंगरांच्या कुशीतली चाम, म्हणजे जुन्या चंपा राज्याच्या, राजांची शिवमंदिरं, चौथ्या शतकातल्या भद्रवर्मन राजापासूनची. त्याने इथे भद्रेश्वर लिंगाची स्थापना केली. जपानी मुलांनी आज मला सोडलं नाही. हे काय, ते काय, या शिळेत पन्हळ का? अभिषेकाचं पाणी वाहून जायला, हे सांगता आलं. संस्कृत शिलालेख मात्र लिपीमुळे एक अक्षर वाचता आला नाही, आणि ‘भारतीय असून?’ हे मला दोनदा ऐकून घ्यावं लागलं.

विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांध्यात चुना दिसत नाही. ए-१ हे सगळ्यात देखणं मंदिर ऑगस्ट १९६९च्या अमेरिकन बाँबहल्ल्यात गेलं. आजूबाजूचे खळगे आता गवताने भरलेत. भारतीय पुरातत्त्व खात्याने २०१७ ते २०२२ या काळात इथल्या ए, एच आणि के या तीन गटांची दुरुस्ती केली. त्यातच मे २०२०मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. ते जागेवरच आहे. दाराशी असलेलं संग्रहालय जपानच्या मदतीतून उभं राहिलंय. आमच्या सरांनी तिथल्या पाटीसमोर गटाचा फोटो काढला, तेव्हा मी लिंगाच्या इथल्या माहितीफलकासमोर वेगळा फोटो काढून घेतला. देशाभिमान अशा वेळी फार बालिश होतो, पण होतो.

शनिवार, १५ मार्च

दा नांगहून हुएला रेल्वेने. मीटरगेज, वेग बेताचा, पण हाई वान घाटातून गाडी समुद्राच्या कडेकडेने वळत जाते आणि डब्यातले सगळे एकाच बाजूला येतात. लांग कोची खाडी खाली निळी पसरलेली.

हुएचा राजवाडा भराभर पाहिला. मला पाहायचं होतं ते फान बोई चाउंचं घर. फ्रेंचांविरुद्ध लढायला शिकलेली पिढी हवी म्हणून १९०५पासून त्यांनी दोंग यू, म्हणजे ‘पूर्वेला चला’, ही चळवळ चालवली आणि दोनशेच्या आसपास व्हिएतनामी मुलं चोरून जपानला शिकायला पाठवली. रशियाला हरवलेल्या जपानकडे तेव्हा आशियाभरातली पोरं ओढली जात होती. आपले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजेही अमेरिकेला जाण्याआधी काही काळ जपानमध्येच होते. पण १९०७मध्ये जपान आणि फ्रान्सचा करार झाला आणि फ्रान्सच्या सांगण्यावरून या मुलांना हाकलायला सुरुवात झाली. पैसे संपलेले, मुलं उपाशी. तेव्हा आसाबा साकितारो नावाच्या एका डॉक्टरने एका पत्रावर १,७०० येन पाठवले. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला तेव्हा महिना अठरा येन पगार असायचा म्हणतात. १९०९मध्ये फान बोई चाउंनाही जपान सोडावं लागलं. परत आले तोवर डॉक्टर वारले होते. म्हणून त्यांच्या गावी, शिझुओकातल्या आसाबाला, १९१८मध्ये त्यांनी दगड उभारला. जवळचे पैसे पुरेनात, तेव्हा बाकीचं गावकऱ्यांनी केलं.

पुढे १९२५मध्ये शांघायला फ्रेंचांनी त्यांना पकडलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९४०पर्यंत, हुएमध्ये नजरकैदेत ठेवलं. ते हे घर. गवताने शाकारलेलं, तीन खणांचं, पुढे बाग, बाजूला त्यांची समाधी. २०१७मध्ये सम्राट आकिहितो इथे येऊन गेले. सेंदाईच्या मुलाने या माणसाचं नाव आजच पहिल्यांदा ऐकलं. तोक्योच्या मुलीनेही. दोघं दगडाचा फोटो फोनवर कितीतरी वेळ मोठा करून वाचत होते. तो चिनी लिपीत कोरलाय, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने त्यांना लागत होता. बडीला लागत नव्हता, कारण तिची भाषा आता रोमन अक्षरांत लिहितात. मग ती दोघं तिला वाचून दाखवायला लागली. आठवडाभरात प्रथमच ती शिकत होती आणि ते शिकवत होते.

परत बसने, हाई वानच्या बोगद्यातून. विमान मध्यरात्रीनंतरचं. विमानतळावर बडीची आई आली होती, स्कूटरवरून, दादासाठी पुडकं घेऊन. पुडक्यात होतं काय काय? पोर्कचं चा लुआ, तिखट मिरचीची चटणी, सुकवलेल्या काओ लाउच्या शेवया, न भाजलेले पापड. जपानात मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात आणि वर दंड होऊ शकतो. बडीने चा लुआ काढून घेतलं. आई नाराज झाली. जागा रिकामी राहिली म्हणून तिने पिशवीतून आणखी पापड काढून कोंबले. पुडकं सेंदाईच्या मुलाने आपल्या बॅगेत घेतलं.

रविवार, १६ मार्च

नारिताला सकाळी उतरलो. कुरिअरच्या काउंटरपाशी मी म्हटलं, इथूनच गिफूला पाठवून देऊ, उद्या पोचेल. सेंदाईचा मुलगा म्हणाला, ‘पापड फुटतील.’ मग ट्रेनमध्ये बसल्यावर त्याने सेइशुन जुहाची तिकिटाचं काढलं. साध्या गाड्यांतून कुठेही फिरा, विद्यार्थ्यांचं लाडकं तिकीट. आता ते सलग दिवसांचं केलंय म्हणून तो कुरकुरला, पण १० एप्रिलपर्यंत चालतं. तोक्योहून आतामी, हामामात्सु, तोयोहाशी असं बदलत बदलत गिफू. दादाला मेसेज टाकला, पुढचा रविवार मोकळा आहे म्हणाला, आणि काही आणू नका, फक्त पापड जपून आणा.

वाटेत फुकुरोई स्टेशन लागतं. आसाबा गाव आता त्याच शहरात येतं, आणि तो दगड तिथल्या जोरिन-जी देवळात आहे. जाताना उतरायचं की येताना, यावर तोक्योच्या मुलीचा आणि त्याचा वाद चालू आहे. तिच्या आईने दादालाच तोक्योला जेवायला बोलवा म्हटलंय, ते एप्रिलच्या शेवटच्या सुट्ट्यांत. मी तिकीट काढलंय. पुरणपोळ्या करून न्याव्यात असं मनात आहे, हरभऱ्याची डाळ तोक्योतल्या शिन-ओकुबोला मिळते.